भेटीचं पाणी

फाटक बंद होणार असं आम्हाला इतकी वर्षं सांगत होते की या खेपेलाही आम्ही ते मनावर घेतलं नाही. दर हिवाळ्यात जलवाहतूक खात्याची लाँच यायची, कर्ण्यावरून ओरडून जायची आणि फाटक आपलं उघडंच राहायचं. आमचे तांडेल तर हसायचे. म्हणायचे, "यांना खरंच दार लावायचं असतं, तर एवढा घसा कोरडा केला असता का?" तांडेल म्हणजे बोट चालवणारे, माझे यजमान. आख्खी वाट त्यांना तांडेल म्हणते, मग मी तरी वेगळं काय म्हणणार? तोंडावर मात्र अहोच. या खेपेला धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, स्वतः फाटकापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "दादा, क्रेन आलीय. या वेळी लावतायत." तेव्हा कुठे आम्हाला ते खरं वाटलं.

आमची वाट म्हणजे रस्ता नव्हे, पाणी. समुद्राच्या पाठीमागून, वाळूच्या लांबच लांब पट्ट्याआडून उत्तर-दक्षिण जाणारं. समुद्र पलीकडे आदळत असतो, तो ऐकू येतो पण दिसत नाही, आणि अलीकडे आमच्यासारख्या चपट्या-बुटक्या बोटी विटा, वाळू, खडी घेऊन निवांत जात-येत असतात. असतात कसल्या, असायच्या. उत्तरेचं तोंड गाळाने भरत चाललं, कारखाने उठले, माल ट्रकांवर गेला. मग खात्याने ठरवलं की उत्तरेकडची वाट उपसत बसायचं नाही, सोडूनच द्यायची. सोडायची म्हणजे दक्षिणेच्या अंगाला जे मोठं लोखंडी फाटक बांधून ठेवलं होतं ते खाली टाकायचं, आणि परत कधी उचलायचं नाही. ज्याला आपली बोट हवी असेल त्याने ठरल्या दिवशी अंधार पडायच्या आत फाटकापार व्हावं. जो राहील तो राहील.

बोट म्हणजे आमचं घर. हे मी कौतुकाने सांगत नाही, दुसरं घर नाहीच म्हणून सांगते. मागच्या बाजूला एक खोली, तिच्यात पलंग, एक कपाट, शेगडी, आणि माझं शिवणयंत्र. भांड्यांच्या फळीला पुढून पट्टी मारलेली, लाटेने भांडी खाली येऊ नयेत म्हणून. आमची मुलगी त्याच पलंगावर जन्मली. तिने मोठी झाल्यावर एक दिवस स्वच्छ सांगितलं, "आई, मला हलत्या जमिनीचा कंटाळा आलाय," आणि दक्षिणेला शहरात जाऊन लग्न केलं. जावई भला माणूस आहे. गोदामात कामाला आहे, बोलतो कमी, हसतो जास्त. त्यांची खोली चौथ्या मजल्यावर. खिडकी उघडली की समोरची भिंत. मागच्या वर्षी आम्ही तिथे दोन दिवस राहिलो, तर तांडेल दोन्ही दिवस खुर्चीच्या काठावर बसून होते, बूट न काढता, जणू कुणी आता उठवायला येणार आहे. रात्री डोळ्याला डोळा नाही. मला कोपराने ढोसून म्हणाले, "अगं, हे घर मेल्यासारखं पडलंय. हलतच नाही." मी म्हटलं, झोपा. पण झोप मलाही आली नाही.

तेव्हा फाटकापार जाणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही नीट माहीत होतं. पार गेलो तर मुलीने शोधून ठेवलेल्या जागेवर, एका बोटी दुरुस्त करणाऱ्याच्या आवारामागे, आमचं घर पाण्यावर बांधून उरलेले दिवस काढायचे. तांडेल त्याच्याकडे फळ्यांच्या फटी भरायचं काम करणार, मी ताडपत्र्या शिवणार. नाही गेलो तर जावयाच्या खोलीत कपाट आणि दार यांच्यामध्ये दोन गाद्या.

निघालो ते भाऊजींच्या मागे. त्यांची बोट नवी, पत्र्याच्या तळाची, वीतभर पाण्यातही चालेल अशी. आमची जुनी, लाकडी, पोटाला खोल. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी धुकं पडलं ते असं की मला सुकाणूपाशी उभे असलेले तांडेल दिसेनात, नुसता त्यांचा खोकला दिसे म्हणा. थंडी हाडांत शिरली होती. दोन्ही काठांवर ओसाड धक्के, मालाचे रिकामे चौथरे, एका ठिकाणी कुणी जाता जाता तशीच सोडून दिलेली कपड्यांची दोरी, तिच्यावर एक पंचा वाळत, कडक होऊन. ओळखीचं माणूस एक भेटलं नाही. जे जायचे ते आधीच गेले होते. धुक्याने आमचा दिवस खाल्ला, आणि ज्या दिवशी फाटक पडणार त्याच दिवशी सकाळी आम्ही भेटीपाशी पोहोचलो.

भेट म्हणजे काय ते सांगायला हवं. या वाटेला समुद्राची दोन तोंडं, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. भरती दोन्हीकडून आत येते आणि मध्ये एका ठिकाणी दोन्ही पाणी समोरासमोर येऊन थांबतं. ती जागा म्हणजे भेट. पाणी थांबतं म्हणून त्याच्यातला गाळही तिथेच खाली बसतो, आणि सगळ्या वाटेत उथळ जागा तीच. तिथून जायची रीत ठरलेली आहे. उत्तरेच्या भरतीवर बसून भेटीपर्यंत यायचं आणि ओहोटी लागली की दक्षिणेच्या पाण्याबरोबर खाली उतरून जायचं. आधी आलात तर थांबा, उशिरा आलात तर चिखलात बसा. बसलात तरी घाबरायचं कारण नाही. दक्षिणेची भरती जबरी, सहा तासांत येते आणि लेकराला कडेवर घ्यावं तशी बोट उचलून घेते. तांडेलांनी हे इतक्यांदा केलं होतं की त्यांना पाण्याकडे बघावंही लागत नसे. ती भरती म्हणजे माझी सवतच. रात्री झोपेत कूस बदलताना म्हणायचे, "पाणी फिरलं," आणि सकाळी बघावं तर खरंच फिरलेलं असायचं.

आम्ही उशिरा आलो. ओहोटी बरीच उतरली होती. भाऊजी पुढून सरकन निघून गेले आणि आमच्या बुडाखाली आधी खरखर झाली, मग मऊ काहीतरी, आणि मग बोट एका अंगाला किंचित कलून थांबली. फळीवरची भांडी पट्टीला येऊन टेकली. तांडेलांनी इंजिन बंद केलं. शिव्या दिल्या नाहीत, काही नाही. टोपी काढून डोकं खाजवलं, एवढंच.

भाऊजींनी बोट वळवून आणली, पण जवळ आले नाहीत. त्यांच्याही पंख्याने गाळ उडवायला सुरुवात केली होती. तिथून ओरडले, "दादा, दोर टाकतो! आत्ताच ओढून बघू, पाणी आहे तोवर!"

"नको!"

"अरे, एकदा बघू तर!"

"ओढायला थांबलास तर तूही बसशील. पाणी अजून उतरतंय. दोघं बसण्यापेक्षा एक बसलेला बरा."

मी मध्ये तोंड घातलं. "अहो, घ्या ना दोर. ते म्हणतायत तर घ्या."

"तुला कळतंय का काही?"

"नाही कळत. पण घ्या."

"अगं, दुपारी दक्षिणेचं पाणी येईल. अंधाराला अवकाश आहे. तासाभराचा तर रस्ता राहिलाय. हा कशाला आपल्यापायी अडकायला हवा?" आणि मग भावाला ओरडून, "तू हो पुढे! फाटकवाल्याला सांग, एक लाकडी बोट यायची आहे. मी येतो पाण्याबरोबर!"

भाऊजी थोडा वेळ तसेच घुटमळले. मग हात वर केला आणि गेले. आणि मी आजही म्हणते, तांडेलांचं काही चुकलं नव्हतं. शहाणा माणूस जे करील तेच त्यांनी केलं. दुसरा कुणी नवखा असता तर त्याने घाबरून दोर घेतला असता, दोन्ही बोटींनी धडपड केली असती आणि कदाचित निभावलं असतं. मला पाण्यातलं ओ की ठो कळत नाही, मला नुसती भीती वाटत होती. भीती बरोबर निघाली याचा मला काडीचा आनंद नाही.

पाणी पार उतरलं. आमच्या चहूबाजूंनी करडा चिखल उघडा पडला, आणि लांबवर मध्यभागी पाण्याची एक बारीक पट्टी उरली. मी चहा केला. तांडेलांनी काठाशी एक बांबू चिखलात रोवला, पाणी चढलं की कळावं म्हणून, आणि कठड्यावर बसून चहा पीत राहिले. चांगले खुशीत होते. म्हणाले, "आपल्या लेकीला सांग, रात्री जेवायला तिच्याकडे." मी फोन लावला. मुलगी म्हणाली, "बाबांना म्हणावं, आवारातल्या माणसाने जागा झाडून ठेवलीय. आणि आई, शेगडीसाठी कोळसा आणू का?" मी म्हटलं, आण. म्हटलं, थोडा जास्तच आण, यांना थंडी वाजते.

दुपारी पाणी आलं. उत्तरेकडून आलं ते आधी, नेहमीसारखं मरतुकडं, काठाकाठाने सरपटत. बोटीच्या बुडाला लागलं आणि तिथेच रेंगाळलं. तांडेलांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांचे डोळे दक्षिणेकडे. काड्यापेटीतली एक काडी काढून त्यांनी पाण्यात टाकली. दक्षिणेचं पाणी पोहोचलं की काडी अडखळते, गोल फिरते आणि उलटी येऊ लागते. काडी संथपणे दक्षिणेकडे निघून गेली. त्यांनी दुसरी टाकली. ती पण गेली. तिसरी टाकताना मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं, काहीतरी बिनसलंय.

"उशीर करतंय," ते म्हणाले.

"पाणी उशीर करतं का कधी?"

ते वाकून बांबू बघू लागले. बांबू दोन बोटं ओला झाला होता. मी उगाच जाऊन शेगडीतली राख काढली, परत आले, बांबू तेवढाच ओला.

मग भाऊजींचा फोन आला. तांडेलांना फोनवर बोलताना ओरडायची सवय, त्यामुळे पलीकडचंही सगळं मला ऐकू येत होतं, कारण भाऊजीही ओरडत होते. "दादा, पाणी आलं का तुझ्याकडे?"

"नाही रे. कुठे अडलंय?"

"इथेच अडलंय! अरे, यांनी काल संध्याकाळी दोन्ही बाजूंची दारं खाली टाकलीत. नुसती मधली बोटीपुरती फट ठेवलीय. पाणी माझ्या डोळ्यांसमोर बाहेरच्या बाजूला तुंबलंय, पुरुषभर. फटीतून जातंय ते असं धबधब्यासारखं, पण जातंय किती? तुझ्यापर्यंत काही यायचं नाही ते. ऐकतोयस ना?"

तांडेल ऐकत होते. तोंडात मारल्यासारखे उभे होते. एवढी वर्षं ज्या पाण्याच्या भरवशावर ते कूस बदलून झोपत होते त्या पाण्याला कुणीतरी दार लावलं होतं आणि यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कुणी? खात्यात कुणाला भेट माहीत होती?

"फाटकावरच्या साहेबांना म्हण, बाजूचं एक दार उचला. तासभर. म्हण, बोट अडकलीय."

"म्हटलं. पाया पडायचा बाकी राहिलोय. ते म्हणतात, बाजूच्या दारांच्या साखळ्या सकाळीच काढून ट्रकवर गेल्या. आता उचलायची म्हटली तरी उचलता येत नाहीत. माणूस वाईट नाहीये तो, दादा. त्याच्या हातात आता फक्त मधलं दार आहे, ते खाली टाकायचं." मग म्हणाले, "मी येतो परत. फटीतून आत येतो, तुला ओढतो."

"आणि परत बाहेर कसा जाशील? त्या धारेला उलटा? अंधाराच्या आत?"

"बघू ना तेव्हाचं तेव्हा."

"येऊ नकोस. तुझी बायकामुलं आहेत बोटीवर. आलास तर तोंड बघणार नाही तुझं."

आणि फोन ठेवला. सकाळी एकदा भावाला वाचवला, आता दुसऱ्यांदा. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. भाऊजींचा नव्हे, तांडेलांच्या चांगुलपणाचा. म्हटलं, सगळ्या जगाला पार लावा तुम्ही, आणि आपण बसू इथे बगळ्यांच्या पंगतीला. त्यांनी ते ऐकलं, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "हलकी करू या हिला. दोन बोटं पाणी आहे, तीन बोटं उचलायचं आहे."

तळाशी विटा होत्या. रिकामी बोट डुलू नये म्हणून वजनाला ठेवलेल्या. त्या आधी काढल्या. मी खालून देत होते, ते वरून भिरकावत होते, आणि प्रत्येक वीट चिखलात पडून भसकन आत जात होती. हात सोलून निघाले. मग पाण्याची पिंपं ओतली. मग जादा नांगर, साखळी. बोट जागची हलली नाही. तांडेल खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. काय म्हणायचं आहे ते मला कळलं होतं, पण मी मुद्दाम त्यांना म्हणू दिलं.

"खोली," ते म्हणाले.

आम्ही आमचं घर वाचवायला आमचं घर बाहेर फेकलं. याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. कपाट दोघांनी मिळून दाराबाहेर काढलं, त्याचा एक पाय उंबऱ्याला अडकला, तर मी लाथ घालून मोडला. शेगडी गेली. पलंगाच्या पाट्या गेल्या, लोखंडी चौकट गेली. भांड्यांची पेटी मी उपडी केली, त्यातला एक डाव काठावर अडकला तर तोही हाताने ढकलला. शिवणयंत्र राहिलं. ते उचलायला तांडेल वाकले तर मी त्यांना बाजूला केलं. माझं यंत्र मीच टाकणार. त्यांच्या हाताने पडलं असतं तर मी त्यांना जन्मभर ऐकवलं असतं, आणि मला ते ऐकवायचं नव्हतं. पोटाशी धरून नेलं आणि सोडलं. चाक थोडा वेळ वर दिसत होतं.

"आता!" तांडेल ओरडले. त्यांनी बांबू लावला, मी दुसरा लावला. छातीचा भाता झाला होता. बोटीने कुरकुर केली, डुचमळली, आणि हलली. देवाशप्पथ हलली. एक बोटभर नव्हे, चांगली बोटीच्या लांबीइतकी सरकली, पाण्याच्या पट्टीकडे, आणि माझ्या तोंडून अशी काही किंकाळी फुटली की बगळे उडाले. मग पुन्हा तीच खरखर. पुन्हा तोच मऊ थांबा. आता तर बांबूलाही जोर बसेना, आमच्या अंगात तो राहिलाच नव्हता. तांडेल इंजिन लावून आले. पंख्याने काळा चिखल मागे फेकला, बोट नुसती थरथरली. ओहोटी लागली होती. रोवलेल्या बांबूवरची ओल वर राहिली आणि पाणी तिच्याखाली गेलं.

सूर्य गेला. सपाट पाण्यावरून आवाज फार लांबून येतात. आधी भोंगा ऐकू आला, फाटकवाल्याचा, तीनदा लांब. मग बराच वेळ काही नाही. मग लोखंडाचा एक आवाज, फार मोठाही नाही, एखाद्या शाळेचं दार लावावं तेवढाच. तांडेल दक्षिणेकडे तोंड करून उभे होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सदरा घामाने ओला आणि गार झाला होता. मी म्हटलं, "आत चला, सर्दी होईल." आत म्हणजे कुठे, ते मलाही सांगता आलं नसतं. चार भिंती होत्या, एवढंच. मुलीचा फोन वाजत होता. तो मी घेतला नाही.

रिकाम्या खोलीत आम्ही ताडपत्री अंगावर ओढून पडलो. रात्रभर उत्तरेचा वारा. बोट कललेली, त्यामुळे मी घसरत घसरत त्यांच्या अंगावर जायची आणि ते मला परत वर ढकलायचे. एकदा मला वाटलं ते रडतायत. मी रडून घेतलं माझं माझं.

उजाडायच्या सुमाराला मला जाग आली ती अशी की मी घसरत नव्हते. जमीन सरळ होती. पाठीखाली फळ्या हळूच वर येत होत्या, खाली जात होत्या. मी डोळे न उघडता पडून राहिले, आणि सांगायला लाज वाटते, मला आनंद झाला. उशिरा का होईना, आलं बाई पाणी, असं वाटलं. मग आठवलं सगळं.

तांडेल बाहेर उभे होते. चहूकडे पाणी. चिखल नाही, विटा नाहीत, माझं यंत्र नाही, सगळं झाकून टाकलेलं. रिकामी बोट पानासारखी तरंगत होती.

"हे कुठून आलं?"

"उत्तरेचं आहे," ते म्हणाले. "वाऱ्याने ढकललं आणि पुढे जायला वाट नाही. फाटक लागलंय ना. मग इथेच चढलं." काल ओहोटीला ज्या फटीतून पाणी हळूहळू निघून जात होतं ती फट बुजली होती. दार बंद झालं म्हणून आम्ही तरंगलो. हे त्यांनी मला अगदी शांतपणे, हाताने खुणा करून समजावून सांगितलं, जसं आजवर पाण्याचं सगळं समजावत आले होते.

मग त्यांनी इंजिन लावलं.

"अहो, कुठे निघालात?"

"फाटकापर्यंत तरी नेऊ."

भेट कधी ओलांडली ते कळलंसुद्धा नाही, इतकं पाणी होतं. एवढी सोपी ती कधीच गेली नव्हती. तासाभराने फाटक दिसलं. करडं लोखंड, तळाशी ओलं, त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी भिंत. भिंतीवर भाऊजी बसले होते, अंगावर घोंगडी, डोळे लाल. रात्रभर तिथेच होते म्हणे. आम्हाला येताना बघून उठून उभे राहिले, आणि मग काय करावं ते न कळून पुन्हा बसले. पलीकडे त्यांच्या बोटीचं टोक दिसत होतं. तिकडचं पाणी आमच्याहून खाली होतं.

भिंतीला लोखंडी शिडी होती. भाऊजींनी वरून हात दिला. "वहिनी, सामान द्या आधी."

"सामान नाही," मी म्हटलं.

त्यांनी खोलीच्या उघड्या दारातून आत पाहिलं, आणि हात माझ्याकडे केला. मी शिडी चढून वर गेले. पाय जमिनीला लागले तर जमीन आपली मख्खासारखी जागच्या जागी.

तांडेल खालीच होते. "हिला बांधून येतो," म्हणाले. बोट बांधणं काही कठीण नाही, पण दोर किती सैल सोडायचा हे कळावं लागतं. पाणी चढतं, उतरतं. कमी सोडला तर बोट दोराला टांगून राहते, जास्त सोडला तर भिंतीवर आपटून फुटते. कुठल्या धक्क्याला किती, हे तांडेलांच्या हातांना माहीत होतं. बोलता बोलता, दुसरीकडे बघत ते गाठ मारून मोकळे व्हायचे. आता ते दोर कडीतून ओवून, त्याचं टोक हातात धरून उभे राहिले होते. फाटकाकडे पाहिलं, मागे उत्तरेकडे पाहिलं. थोडा दोर सोडला, परत ओढला. परत थोडा सोडला.

भाऊजी खाली उतरायला निघाले. मी त्यांना हाताने थांबवलं.

तांडेलांनी मान वर केली. भावाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर असा भाव मी कधी पाहिला नव्हता.

"अगं," ते म्हणाले, "किती सोडू?"

एवढ्या संसारात पाण्यातलं काही त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मला त्यातलं काही येत नव्हतं, आणि इथलं पाणी आता कसं वागेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ते दोर धरून वाट बघत होते.

"हातभर सोडा," मी म्हटलं.

त्यांनी हातभर सोडला, गाठ मारली, आणि ती बरोबर आहे का म्हणून पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं.